‘पॉझिटिव्ह राहा’ या वाक्यानंतर घरातले बोलणे थांबते

घणसोलीहून एका ताईंनी विचारले आहे: “माझे यजमान ४६ वर्षांचे आहेत, वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार. गेल्या वर्षी गालाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. जबड्याचा थोडा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, नंतर सहा आठवडे लाइट (रेडिएशन) दिले. डॉक्टर म्हणतात, सध्या आजार नाही. पण हे घराबाहेर पडत नाहीत, आमच्याबरोबर जेवत नाहीत, हॉलमध्ये वेगळे झोपतात. गावी सासूबाईंना आम्ही दाढेचे ऑपरेशन एवढेच सांगितले आहे. मुलगी दहावीला आणि मुलगा सातवीत आहे. माझ्या पोळीभाजीच्या डब्यांवर घर चालले आहे. सगळे म्हणतात, पॉझिटिव्ह राहा. मला मात्र यांचा राग येतो, कारण परवा यांच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली. मी काय करू?”

ताई, राग येतो हे तुम्ही स्पष्ट लिहिलेत, ते फार बरे केलेत. ठाणे आणि नवी मुंबईत कॅन्सरचे रुग्ण व त्यांचे घरचे यांच्यासोबत समुपदेशक म्हणून काम करताना मला वीस वर्षे होऊन गेली, आणि माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक बायकांनी हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तेही यजमान खोलीबाहेर गेल्यावर, हळू आवाजात उच्चारले आहे. नळीतून पेज घालण्यापासून हॉस्पिटलच्या रांगेपर्यंत सारे निभावून ज्या माणसाला तुम्ही इथवर आणलेत, त्याच्याच खिशात ती पुडी सापडल्यावर राग येणे साहजिक आहे. त्या रागामुळे तुमच्या सेवेत खोट येत नाही. पुडीचे काय करायचे ते पुढे सांगते, कारण त्याआधी यजमान असे का वागत आहेत हे समजून घ्यावे लागेल, आणि माझ्या मते त्यातला बराच भाग ‘मन खचले’ या दोन शब्दांखाली झाकला गेला आहे.

आधी त्या ‘पॉझिटिव्ह राहा’बद्दल बोलते. बोलणारा चांगल्या हेतूने बोलतो, पण रुग्णाच्या कानावर ते असे पडते: तुझे दुःख आमच्यासमोर काढू नकोस, आणि आजार उलटला तर तुझ्या मनाचा दोष. हा समज इतका पसरला आहे की रडू आले तरी गाठ परत येईल या भीतीने माणसे बाथरूममध्ये नळ सोडून रडतात. या समजाला आधार नाही. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोके आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांची, म्हणजे तुमच्या यजमानांसारख्याच रुग्णांची, उपचार सुरू होतानाची मनःस्थिती आणि पुढचे आयुर्मान ताडून पाहिले होते, आणि मन उभारीत असलेले रुग्ण अधिक जगले असे त्यात आढळले नाही. मनाची काळजी घ्यायची ती माणूस जितके दिवस जगेल तितके दिवस त्याला जगणे सुसह्य व्हावे म्हणून. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात १९७७ पासून मानसोपचार विभाग उभा करणाऱ्या डॉ. जिमी हॉलंड यांनीही रुग्णावर लादलेल्या या सकारात्मकतेला ठाम विरोध केला होता. तेव्हा यजमानांना रडू येत असेल तर येऊ द्या, आणि तुम्हालाही.

आता त्यांच्या वागण्याकडे वळू. घराबाहेर न पडणाऱ्या रुग्णाला मी पहिला प्रश्न मनाचा विचारत नाही, हात वर करायला सांगते. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूकडे जाणारी नस दुखावू शकते, काही वेळा ती काढावीही लागते, आणि मग त्या बाजूचा हात खांद्याच्या वर जात नाही, खांदा खाली उतरतो आणि रात्रंदिवस ठणकतो. ऑफिसात बसून काम करणाऱ्याला हा त्रास होतोच, पण पाठीवर गोणी घेऊन थप्पी लावणाऱ्या माणसाच्या बाबतीत खांदा जाणे म्हणजे टोळीतली जागा जाणे. तेवीस-चोवीस वर्षे ज्या खांद्याने घर चालवले, तो खांदा आता लोकलचे हँडलसुद्धा धरू शकत नाही, हे त्यांनी तुम्हाला सांगितले आहे का? बहुधा नाही, कारण त्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटते, आणि ‘बरा झालास ना, मग कामावर कधी?’ असे मुकादमाने एकदा सहज विचारले तरी ते महिनाभर मनात टोचत राहते. ऑपरेशननंतर वर्ष झाले असले तरी फिजिओथेरपीने वेदना आणि हालचाल यांत फरक पडतो, म्हणून पुढच्या तपासणीला खांद्याचा विषय तुम्ही स्वतः काढा. प्रवासासाठी, लोकलच्या अपंगांसाठी राखीव डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना जाता येते. हॉस्पिटलचे कागद सोबत ठेवा. कामाच्या बाबतीत, १९६९च्या माथाडी कायद्याखाली यजमानांची नोंदणी असेल तर वैद्यकीय कागद घेऊन मंडळाच्या कार्यालयात जा. हलके काम, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांची नेमकी स्थिती विचारून लेखी घ्या. आजारी माणसाला सगळ्यात जास्त पोखरते ती आपण घरावर ओझे झालो ही भावना, आणि ओझे वाहणे हाच ज्याचा धंदा होता त्याच्या मनात तर ती फार खोल जाते.

जेवायला एकत्र न बसण्याचे कारणही मला जवळजवळ माहीत आहे, कारण ते मी पुष्कळदा पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी असेच ऑपरेशन झालेले एक गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आले. डाव्या हातात पांढरा नॅपकिन चौकोनी घडी करून धरलेला, आणि दर एक-दोन वाक्यांनंतर तो ओठांच्या कोपऱ्याला टेकवायचा, इतक्या सवयीने की त्यांना स्वतःलाही ते जाणवत नसावे. मी चहा मागवला तर त्यांनी मान हलवून नको म्हटले. पत्नी औषधाची चिठ्ठी आणायला बाहेर गेली तेव्हा म्हणाले, “चहा बशीत ओतावा लागतो आणि बशीतूनही सांडतो. पोरीच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, त्या दिवशी मी दोन तास संडासात बसून काढले.” पत्नी मात्र समजत होती की त्यांचा घरच्यांवरचा जीव उडाला. दोघे एकाच घरात राहत होते आणि दोघांच्या मनातली कथा पूर्ण वेगळी होती.

तुमच्या यजमानांचे तोंड किती उघडते ते एकदा पाहा. साधारणपणे आपल्या तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावतात. लाइट घेतल्यानंतर जबड्याचे स्नायू आखडून ती एक-दीडवर येते, आणि मग पोळीचा घास, भाकरीचा तुकडा या गोष्टी चारचौघांत करणे अपमानाचे वाटते. लाळ सुकते, चव महिनोन्‌महिने परत येत नाही, ओठाला संवेदना नसल्याने आमटी ओघळली ते कळत नाही. यावर तोंड उघडण्याचे व्यायाम असतात. लाकडी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून, दर काही दिवसांनी एक काडी वाढवत ते करतात. उच्चार आणि गिळणे सुधारण्यासाठी स्पीच थेरपिस्ट असतात. घरात एवढे करा: पातळ आणि मऊ जेवण सगळ्यांच्याच ताटात ठेवा, म्हणजे त्यांचे ताट वेगळे दिसणार नाही, सगळ्यांच्या ताटाशेजारी नॅपकिन ठेवा, आणि सांडले तर कोणी पाहू नये, पुसायलाही धावू नये. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही डॉक्टरांकडून आवर्जून करून घ्या. मानेला लाइट दिल्यावर पुढच्या काही महिन्यांत वा वर्षांत थायरॉइड मंद होऊ शकते, म्हणून अशा रुग्णांची टीएसएच तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करतात. थायरॉइड मंद झाले की माणूस सुस्त होतो, उदास होतो, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, कशात मन लागत नाही, आणि घरचे म्हणतात, यांनी हिंमत सोडली. रक्ताची एक साधी तपासणी आणि रोजची एक गोळी एवढ्याने सुधारणारी गोष्ट मनाच्या कमकुवतपणावर ढकलली जाते, याचे मला दर वेळी फार वाईट वाटते.

हे सारे पाहूनही खरे नैराश्य असू शकते, आणि तो वेगळा आजार आहे. कॅन्सरच्या रुग्णात तो ओळखताना भूक आणि झोप यांवर फार विसंबता येत नाही, कारण ती आजारानेही बिघडते. पाहायचे ते असे: पूर्वी ज्यात जीव रमायचा, मग तो क्रिकेटचा सामना असो की भजनी मंडळ, त्यातले आता काहीच दोन आठवड्यांहून अधिक काळ नकोसे झाले आहे का, ‘माझ्यामुळे सगळ्यांचे वाटोळे झाले’ हे पालुपद रोजचे झाले आहे का, उद्याचा विषय निघाला की ते गप्प होतात का. डोके आणि मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांत आत्महत्येचा धोका इतर अनेक कॅन्सरपेक्षा जास्त आढळतो, म्हणून हा प्रश्न आडून न विचारता सरळ विचारा: “तुम्हाला जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट, कोणी तरी विचारले याने माणसाच्या छातीवरचा दगड हलतो. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे ठेवू नका, गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. रात्री-अपरात्री १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करता येतो. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. औषधे सुरू करायची झाल्यास लाइट घेतले आहेत हे डॉक्टरांना सांगा, कारण नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्यांनी तोंड आणखी कोरडे पडते. झोप आणि भूक दोन्ही सुधारतील अशी औषधेही असतात आणि कोणते द्यायचे ते डॉक्टरच ठरवतील. ठाण्यात १९९० पासून काम करणारी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था तुम्हाला ट्रान्स-हार्बर लोकलने जवळ पडेल. ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथेही मानसोपचार विभाग आहे का, ते विचारा.

आता पुडी. उपचारानंतर तंबाखू सुरू राहिल्यास आजार परतण्याचा आणि तोंडात दुसरीकडे नवा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे तुमची भीती अगदी खरी आहे. तरी भांडणाने हे सुटणार नाही, कारण त्यांच्या मनात जे भांडण चालले आहे ते तुमच्यापेक्षा कितीतरी कठोर आहे. वर सांगितलेले गृहस्थ म्हणाले होते, “खाल्ली मी, फेडतेय ती.” अपराधाची भावना असह्य झाली की माणूस त्याच गोष्टीकडे वळतो जिने त्याला आजवर क्षणभर सैल वाटू दिले, निकोटिनची तलफ उदासीत आणि रिकामपणात सगळ्यात जोर धरते. पुडी त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, “ही मला सापडली. मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. तुम्हाला ती कधी लागते ते मला सांगाल का?” मग ऐका. व्यसन सोडण्याचे औषधोपचार असतात, आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. एक मात्र जपा: ‘तुमच्या तंबाखूने आमचे हे हाल झाले’ हे वाक्य मुलांसमोर निघून गेले असेल तर मुलांसमोरच मागे घ्या. मिसरी, खैनी, मावा हे आपल्याकडे गावोगावी हातावर ठेवले गेले आणि दहा-बारा वर्षांच्या पोराला ते कोणी तरी मोठ्यानेच दिले. त्याचे सगळे खापर एकट्या माणसाच्या माथी फोडणे न्यायाचे नाही.

मुलांकडून काही लपलेले नाही, हे गृहीत धरा. दहावीतल्या मुलीने मोबाइलवर सगळे वाचले असणार, तेही सगळ्यात भीतिदायक तेच, आणि आई-बाबा बोलत नाहीत म्हणजे डॉक्टरांनी काही तरी वाईट सांगितले आहे असा तिने अर्थ लावला असणार. सातवीतला मुलगा बाबांच्या पांघरुणापासून, त्यांच्या भांड्यांपासून दूर राहतो का ते पाहा. गालाचा कॅन्सर उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने पसरत नाही. हे मुलांना तोंडाने सांगा, आणि यजमानांच्या पेल्यातले पाणी मुलांसमोर पिऊन दाखवा. शेजारणीने भांडी वेगळी ठेवा म्हटले असेल तर तिलाही हेच सांगा. दहावीच्या वर्षात मुलीवर घरचे काम किती आले आहे तेही एकदा मोजा. शाळेतल्या एका विश्वासू बाईंना घरची स्थिती सांगून ठेवलीत तर तिच्या गप्प राहण्याचा वेगळा अर्थ कोणी काढणार नाही. आजार परत येईल का, असे मुलांनी विचारले तर ‘कधीच नाही’ असे वचन देऊ नका. “आत्ता नाहीये, डॉक्टर नियमित तपासतात, काही बदललं तर तुम्हाला आम्हीच सांगू,” एवढे पुरते, आणि ते पाळावे लागते.

वेगळे झोपण्याबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिले आहे, म्हणून मीही थोडेच लिहिते. लाळ गळते, तोंडाला वास येतो, मांडीवरची कातडी गालाला लावलेली आहे, तोंडाची एक बाजू ओळखीची राहिलेली नाही. या माणसाला वाटते की आपल्याला जवळ घेणे तुम्हाला जड जात असेल, आणि ते तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा हॉलमधली सतरंजी बरी. तुम्हाला वाटते, यांना मी नको आहे. हे तुम्हालाच आधी बोलावे लागेल. सुरुवात नुसती शेजारी अंथरूण घालण्यापासून करा.

पैशांचे थोडक्यात: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण प्रवास, वेगळे अन्न, बुडालेली मजुरी हा खर्च योजनेबाहेर राहतो आणि घर त्यानेच वाकते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन हा खर्च आकड्यांत सांगा. ‘अडचण आहे’ एवढे सांगून पुढे काही होत नाही.

आता तुमच्याविषयी. तुमचे स्वतःचे बीपी शेवटचे कधी तपासले? रात्री दोनला दचकून जाग येते का? आठवड्यातून एक दुपार डब्यांना सुट्टी द्या, आणि त्या वेळी बहिणीकडे, देवळात, नुसते पामबीचच्या बाजूला खाडीकडे बघत बसायला, कुठेही जा. लोक येऊन ‘कसा होता, कसा झाला’ म्हणत हळहळतात तेव्हा त्यांना दारातच सांगायचे एक वाक्य ठरवून ठेवा: “बरे आहेत, बोलायला वेळ लागतो, तुम्ही तुमच्या गप्पा मारा.” मदत करतो म्हणणाऱ्याला नेमके काम सांगा. एखाद्या शनिवारी डबे पोचवणे, मुलाला क्लासहून आणणे, असे काही.

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात घरात कुरबुरी वाढतात असे तुम्हाला दिसेल. पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि दर वेळी रिपोर्ट हातात येईपर्यंत सगळे घर श्वास रोखून असते. त्या दिवसांतल्या बोलण्याचा हिशेब ठेवू नका, आणि मोठे निर्णयही तेव्हा घेऊ नका.

म्हणूनच सासूबाईंना सांगण्याचे काम तपासणी होऊन गेल्यावर, एखाद्या निवांत रविवारी करा. यजमानांची तयारी आधी विचारा; आईला धक्का बसेल ही त्यांची भीती आहे, पण गावात बातमी कधीच पोचली असेल आणि त्या माउलीला ती दुसऱ्याच कोणाकडून, अर्धवट, कळली असेल अशी शक्यता मला जास्त वाटते. फोन त्यांनीच करावा, आणि व्हिडिओ कॉल करावा, कारण शब्द अस्पष्ट आले तरी चेहरा दिसेल. पहिले वाक्य ठरवून, चार वेळा म्हणून पाहून ठेवा: “आई, दाढेचं नव्हतं, गालात कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, आता आजार नाही. तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून सांगितलं नाही.” तुम्ही शेजारी बसा. सासूबाई रडतील, कदाचित रागावतीलही, यजमानही रडतील आणि मिनिटभर कोणाला काही बोलता येणार नाही. त्या वेळी घाईने फोन स्वतःच्या हातात घेऊ नका आणि बंदही करू नका.